बांगड्याच्या पाठीचा रंग

नाही, पण मला एक सांगा, शहाण्यासुरत्या माणसाने हातात बांगडा घेऊन रंगाच्या दुकानात जावं का? अख्खा बांगडा हो! ताजा, फडफडीत, सकाळीच बाजारातून आणलेला! आणि तो काउंटरवर ठेवून विचारावं का, की शेठ, हा शेड मिळेल का? बरं, शेठ कोण? तर गळ्यात तुळशीची माळ, कांदासुद्धा न खाणारा माणूस! तो बिचारा दोन पावलं मागे सरला, मागे पांढऱ्या डिस्टेंपरच्या बादल्यांची उतरंड, ती हलली, वरची बादली... पण थांबा. हे असं मधूनच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा नयन वेडा आहे. वेडा नाहीये हो. निदान डबा फोडेपर्यंत तरी नव्हता.

तर नयन म्हणजे आमच्या ऑफिसातला. नौपाड्यात आमचं ऑफिस, माझ्या शेजारचं टेबल त्याचं. राहतो स्टेशनच्या पलीकडे, कोपरीत. मूळचेच तिथले ते, आगरी. आजोबा मिठागरावर, वडील मिठागरावर, मग मिठागर गेलं, जमिनीला भाव आला, घराच्या जागी बिल्डिंग आली. नयन आपल्यासारखंच बोलतो, पण घरात अस्सल आगरी. गाडीला गारी म्हणतात, काळ्याला काला. ऐकायला असं गोड वाटतं तुम्हाला सांगतो... भांडत नसतील तेव्हा.

आता भांडण कोणाचं? तर नयनचे वडील धाकूशेठ आणि त्यांचे धाकटे भाऊ गोपीनाथकाका. एकाच बिल्डिंगमध्ये, वडील दुसऱ्या मजल्यावर, काका तिसऱ्या, आणि चाळीसेक वर्षं एकमेकांशी शब्द नाही! शब्द म्हणजे शब्द नाही! लिफ्ट सुरू झाली तेव्हा नारळ धाकूशेठनी फोडला, झालं, त्या दिवसापासून काका लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. गुडघे धरून तीन जिने चढतात! आणि काका जिन्यावर खोकले की हे खाली टीव्हीचा आवाज मोठा करतात. पाण्याची टाकी वाहायला लागली तर दोघं समोरासमोर उभे असतात, आणि धाकूशेठ भिंतीला सांगतात, "मोटर बंद करा म्हनावं!" आणि काका त्याच भिंतीला सांगतात, "केली म्हनावं!" त्या भिंतीला कंटाळा आला असेल हो.

आणि एवढं कशावरून? जागेवरून? नाही. बायकांवरून? अजिबात नाही. गाडीवरून! एक जुनी फियाट होती दोघांची. आख्ख्या आळीतली पहिली गाडी. घ्यायची ठरवली धाकूशेठनी, चालवायचे काका, आणि मधे बसायचा नयन, एवढासा. एकदा काका एकवीरेला गेले चार दिवस, परत येऊन बघतात तर गाडीच्या जागी कोंबड्या.

"गारी कुठं हाय?"

"इकली."

"कोनाला इचारून?"

यावर धाकूशेठ काही बोलले नाहीत. मग काकाही काही बोलले नाहीत. ते आजतागायत.

तर यंदा धाकूशेठना ऐंशी पूर्ण होणार. नयनची आई, आवडाबाई, एरवी काही मागणारी बाई नाही. पण एक दिवस भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "मना सोन्याचं काय नको. दोगां भावांना एके पंगतीन बसलेलं बगायचं हाय. माजे डोले मिटाचे आदी." आता आई असं म्हणाल्यावर मुलाने काय करावं? काकांच्या पाया पडावं, वडिलांना समजवावं, कोणी चार वडीलधारी मंडळी बोलवावीत... आमच्या नयनने काय केलं? प्लॅस्टिकची गाडी मागवली!

म्हणजे ती नसते का, सुटे तुकडे येतात, आपण जोडायची, हातभर लांब, हुबेहूब फियाट. भांडण गाडीवरून झालं ना, मग गाडीच परत आणायची, दोघांच्या मधे ठेवायची, दोघं विरघळतील... असा त्याचा हिशोब. डब्यावर चित्र एकदम चकाचक. आणि आत? करड्या प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकलेले तुकडे, जेवून उठलेल्या ताटातल्या काट्यांसारखे! तरी त्याने जोडली हो. एकदा अंगठा स्टीअरिंगला चिकटला, तसाच ऑफिसला आला, हात खिशात. पण जोडली. आणि गाडी टेबलावर ठेवून बायकोला, कृतिकाला, छाती फुगवून म्हणाला, "झालं! आता काय, रंगच तर द्यायचाय!"

रंगच तर द्यायचाय! तुम्हाला सांगतो, हे तीन शब्द ज्या माणसाने शोधून काढले ना, त्याला एकदा समोर आणा माझ्या.

पहिला प्रश्न, गाडीचा रंग कुठला होता? नयनला आठवेना. आतल्या सीटचा वास आठवतो म्हणाला, खिडकीची कडी आठवते, पण बाहेरचा रंग? तो आतच बसायचा ना! मग फोटो काढले. जुने सगळे काळे-पांढरे. एकच रंगीत, सुमतीआत्याच्या लग्नातला. त्यात गाडी अशी सजवलेली, अशी सजवलेली, की वरपासून खालपर्यंत झेंडू! पत्र्याचा टिकलीएवढा तुकडा दिसेल तर शपथ! खिडकीतून काकांचं कोपर तेवढं बाहेर. म्हणजे पुराव्यानिशी सांगायचं तर गाडी झेंडूची होती.

मग त्याने वडिलांना आडून आडून विचारलं. "बाबा, आपली गाडी कुठल्या रंगाची होती हो?" धाकूशेठनी डोळे मिटले. खूप वेळ मिटले. नयनला वाटलं झोपले. मग म्हणाले, "करटुल्याचे रंगाची. कवल्या करटुल्याचे." करटुलं! पावसाळ्यात मिळतं ते, काट्याकाट्याचं, पोपटी. नयन खूश! गेला नाक्यावरच्या हार्डवेअरमध्ये, पोपटी ऑइल पेंट घेतला, "पातळ करायला काय टाकू?" दुकानदार म्हणाला थिनर टाका, याने टाकला सढळ हाताने, आणि दिला की हो ब्रश मारून! रंगच तर द्यायचाय!

अहो, प्लॅस्टिक ते! बॉनेट बघता बघता मऊ पडलं, आक्रसलं, त्याला सुरकुत्या पडल्या. आवडाबाई मागून येऊन बघतात, म्हणतात, "कं रे, गारी बी म्हातारी झाली?"

मग बसला व्हिडिओ बघत. एक गोरा माणूस, हातात मोजे, नाकाला मास्क, टेबलावर धुळीचा कण नाही, आणि तो म्हणतो, पातळ थर द्या, वाळू द्या, घासा, पुन्हा पातळ थर द्या. नयनने सुरकुत्यांत लांबी भरली, भिंतीला भरतात तीच, घासली, आणि आता स्प्रेचा डबा आणला. स्प्रे मारायचा कुठे? धूळ नको, वारा नको. म्हणजे बाथरूम! दार लावलं, मारला. गाडी झकास पोपटी झाली, आणि तिच्याबरोबर बादली, तांब्या, साबण आणि नयनच्या भुवया. संध्याकाळी कृतिका घरी आली, दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. म्हणाली, "नयन, मी फक्त एक विचारते. आंघोळ केल्यावर मी कुठल्या रंगाची बाहेर येणार?"

वाळायला कुठे ठेवली माहितीये? जिथे आई सुके बोंबील ठेवते त्या जाळीखाली! धूळ बसू नये म्हणून! आणि बोंबलाच्या वासाने मांजर आलं, जाळीभोवती अंग घासून गेलं. सकाळी बघतो तर पोपटी गाडीला केस! फियाटला लव!

बरं, तरी घासून पुसून, पुन्हा थर देऊन झाली पोपटी. सुटलो म्हणाला. पण मग त्याच्या डोक्यात किडा शिरला. गाडी एकट्या वडिलांची होती का? दोघांची! काकांनी बघितली आणि म्हणाले ही आपली नव्हेच, तर? पुढची चाळीस वर्षं गेलीच की! म्हणून एक मजला चढून काकांकडे. "काका, आपल्या गाडीचा रंग..."

काकांनी खिडकीतून खाडीच्या दिशेने बघितलं. म्हणाले, "मिठागराचं पानी बगलंस कवा? वरतीशी ऊन आल्यावं? त्यो रंग." निळसर म्हणजे! आकाशी म्हणजे! आणि मिठागरच नाही आता, पाणी कुठलं बघणार? हा माणूस रविवारी खाडीवर गेला हो, तास-दीड तास पाण्याकडे बघत उभा! पाणी कसलं, काळं कुळकुळीत. एक मच्छीमार येऊन विचारतो, "काय रे भाऊ, घरी सगळं ठीक आहे ना?"

आला घरी आणि पोपटीवर मारला आकाशी. आता ऐका, आत्या. सुमतीआत्या कल्याणला असते. तिला फोन केला, नुसता खात्री करायला. ती फोनवरच कडाडली, "निळी? कोन म्हनतो निळी? पांढरीफेक होती! मी बसून गेले ना त्यातून सासरी! बगळा जसा!" "पण आत्या, तेव्हा तर झेंडू..." "झेंडू वरून, रे! खालून पांढरी!" मग काय, आकाशीवर पांढरा. मग वाटलं बाबांचं मन मोडेल, पांढऱ्यावर पुन्हा पोपटी. मग काकांचं काय, पुन्हा आकाशी. ऑफिसात येऊन बसला की नखांवरून मला कळायचं काल रात्री कोणाचा पक्ष जिंकला. साहेबांनी विचारलं, "नयन, हाताला काय?" हा म्हणतो, "काही नाही साहेब, रंगच तर द्यायचाय." साहेब निवडणुकीच्या दिवसांत दचकले ना! म्हणाले, ऑफिसात पक्षाचं काम नको.

आणि शेवटी आवडाबाई. इतके दिवस गप्प बसून बघत होत्या. एक दिवस मासळी साफ करता करता म्हणतात, "दोगं बी खोटं बोलतान. तुजी आत्या तं आंधलीच. यो बग." आणि बांगडा उचलून धरला. "बांगऱ्याची पाठ. असा रंग व्हता." नयन बघतो तर काय! हिरवा म्हणाल तर हिरवा, निळा म्हणाल तर निळा, उजेडात धरला तर पांढरा झळकतो! तुम्हाला सांगतो, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळेच खरं बोलत होते! सगळ्यांची गाडी एकाच बांगड्याच्या पाठीवर! तसाच उठला, बांगडा पिशवीत टाकला, आई ओरडतेय "अरं, कालवनाचा हाय त्यो!" हा निघाला!

तर आता आलं लक्षात, दुकानात बांगडा कसा गेला? त्या दुकानात यंत्र आहे, कुठलीही वस्तू धरा, कॉम्प्युटर रंग जुळवून देतो. शेठच्या अंगावर डिस्टेंपर सांडलेलं, नाकाला रुमाल, आणि धंदा तो धंदा, लांबूनच ओरडतो, "साहेब, मशीनला लावणार तुम्ही! मी हात नाय लावणार! आणि मॅच काय करायचं, पाठ की पोट?" "पाठ!" "पाठीवर पट्टे आहेत!" "पट्ट्यांच्या मधलं घ्या!" मागे एक जोडपं, नवीन फ्लॅटसाठी बेडरूमचा रंग बघायला आलेलं, ती मुलगी नवऱ्याला म्हणते, "चल ना आपण दुसरीकडे." मशीनने बांगडा बघितला, थोडा विचार केला, आणि बोलली की हो! दिला शेड! नाव काय, तर 'पहाटेची चाहूल'! बांगड्याला! फक्त एक अडचण. कमीत कमी एक लिटर घ्यावा लागतो. गाडी हातभर, रंग लिटरभर! उरलेल्यात त्याने बाल्कनीची ग्रिल रंगवली, चपलांचं कपाट रंगवलं, तुळशीची कुंडी रंगवली. आज रस्त्यावरून बघा, आख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच घर बांगड्यासारखं दिसतं. आणि तो मूळचा बांगडा? त्याला थिनरचा वास लागलेला. ते मांजरसुद्धा हुंगून निघून गेलं.

आता एवढे थर चढल्यावर गाडीचं काय झालं असेल? दरवाजांच्या फटी बुजल्या. कड्या गेल्या. हेडलाइट आत कुठेतरी. लांबी, पोपटी, आकाशी, पांढरा, पुन्हा पोपटी, पुन्हा आकाशी, आणि वर पहाटेची चाहूल. गुळगुळीत! कृतिकाने हातात घेऊन बघितली, म्हणाली, "छान आहे. कपडे धुवायचा की अंगाचा?" उद्या वाढदिवस. आता घासायला वेळ नव्हता आणि हातात जोर नव्हता.

वाढदिवस गच्चीवर. आम्ही ऑफिसातले चार जण होतो. काकांना आणायला आवडाबाई स्वतः वर गेल्या, म्हणे दारातच उभ्या राहिल्या, "भावजी, जेवाला चला. नाय आलात तं मी हितंच बसतंय." आता वहिनी दारात बसणार म्हटल्यावर काय बिशाद! आले काका. पण पंगतीच्या पार या टोकाला, धाकूशेठ त्या टोकाला, मधे पाहुण्यांची रांग. एका पंगतीत बसले, पण कसे, तर एका रुळाची दोन टोकं!

नयनने गाडी आणली, वर रुमाल झाकलेला. भाषण तयार केलेलं, ते विसरला. वडिलांच्या पानापुढे ठेवली आणि रुमाल काढला.

धाकूशेठनी चष्मा लावला. उचलली. उलटी केली, सुलटी केली. "यो कं हाय?"

"गाडी, बाबा. आपली. फियाट."

"आपली?" पुन्हा बघितलं. आणि मग गच्ची हादरेल असे ओरडले, "यो रंग नाय!"

आणि तुम्हाला सांगतो, त्या टोकावरून, मान वर न करता, आवाज आला, "नायच!"

संपलं! वाढणाऱ्याचा हात वरणाच्या भांड्यात थांबला. आवडाबाई खांबाला धरून उभ्या. चाळीस वर्षांत भिंत मधे न घेता पहिला शब्द! धाकूशेठ हळूहळू तिकडे वळले. "तुना दिसतंय कं रं तिकरून?"

"दिसतंय तं! साबनाची वरी हाय ती!"

"मंग हिकरं ये. जवलशी बग."

उठले हो काका! गुडघे धरत, पानावरून उठून, सगळ्या पाहुण्यांच्या मागून चालत आले, आणि भावाच्या शेजारी बसले. दोन पांढरी डोकी गाडीवर वाकली. "आरसा कुठं हाय?" "आरसा नाय, दरवाजा बी नाय!" "पोरानं गारी केली का भाकरी?" काकांनी गाडी उलटी केली, खालून बोट फिरवलं. "आन् आपलं भोक? माजे पायाखालचं? तेचेतून रस्ता दिसाचा!"

धाकूशेठ हळू म्हणाले, "त्या भोकापाईच इकली. पत्रा सगला सरलेला. तू तं ऐकाचा नाय, तशीच हाकाचास. पाय गेला असता तुजा."

काकांनी विचारलं, "मंग सांगाचं नाय?"

"इचारलंस कवा? तू तं बोलनंच टाकलंस."

मग काकांनी नाक पुसलं, वाढणाऱ्याला म्हणाले, "माजं पान हिकरं आन." आणि मग दोघांनी मिळून नयनला जे झोडपलं! जेवण होईपर्यंत! एक शिवी हे घालायचे, दुसरी ते पुरवायचे! एवढं प्लॅस्टिक फुकट घालवलंस, डोले हायेत का बटनं, रंग देताना झोपला व्हतास का! आणि नयन? वरणाचं भांडं हातात घेऊन उभा, मान खाली, आणि मला स्पष्ट दिसत होतं, हसत होता. रडतही होता थोडा, पण मुख्य म्हणजे हसत होता. आवडाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि दोघांना एकेक लाडू जास्त वाढला.

इथे संपायला पाहिजे होतं ना? सांगा ना, कुठल्याही सभ्य घरात इथे संपलं असतं. पण नाही! दुसऱ्या दिवशी दोघांनी हुकूम सोडला, नवीन डबा मागव, आता आमी रंगवतो. काय, रंगच तर द्यायचाय!

तेव्हापासून नयनच्या घरी जेवायचं टेबल जेवायला मिळत नाही. काका सकाळी येतात. लिफ्टने! एक मजला! दोघं चष्मे लावून बसतात, अर्धी गाडी करटुल्याची, अर्धी मिठागराची, मधोमध सुतळी बांधलेली, सुतळीपलीकडे ब्रश गेला की भांडण, पण तोंडावर, चांगलं खणखणीत भांडण. आत्या दर रविवारी कल्याणहून पांढरा रंग घेऊन येते. घरचे सगळे पहिल्यापेक्षा जास्त ओरडतात, आणि सगळे एकत्र जेवतात, जमिनीवर.

नयनला मात्र गाडीला हात लावायची बंदी. त्याला काय दिलंय, तर टायर. चार टायर, आणि काळा रंग. काकांनी स्वतः सांगितलं, यात चुकाला काय बी नाय. नयनने जीव लावून रंगवले हो ते, श्वास रोखून, एकही डाग बाहेर नाही. परवा मी गेलेलो घरी, माझ्यासमोरच त्याने वाळलेले चार टायर टेबलावर नेऊन ठेवले.

दोघांनी एकेक उचलला. खिडकीशी नेला. उजेडात धरला. एकमेकांकडे बघितलं. आणि धाकूशेठ म्हणाले,

"आपले गारीचा टायर एवरा काला नवता."